जानेवारीत लेहला

जून-जुलैत लेहला निघालात तर कोणी काही विचारत नाही. अर्धं डोंबिवली तेव्हा तिकडेच असतं, मोटारसायकलवर. जानेवारीत निघालात की मात्र सोसायटीचा वॉचमनसुद्धा थांबवून विचारतो, "का?" आमच्याकडे धड उत्तर नव्हतं. ह्यांनी उभी हयात रेल्वेच्या कंट्रोलमध्ये काढली. दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडून झाल्या, आता जिथे गाडी जातच नाही अशा गावी त्यांना जायचं होतं. मला लडाखी स्वयंपाकघर बघायचं होतं, आणि तेही थंडीत, कारण उन्हाळ्यात त्या घरांतल्या बायका एकतर शेतावर असतात नाहीतर पाहुण्यांच्या मागे. एवढीच कारणं. सांगितली की लोक हसायचे, मग आम्ही सांगणंच सोडून दिलं.

बेत आखायचं काम अर्थातच ह्यांचं. रेल्वेत गाड्यांचा आलेख काढतात : आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं, आणि तिरक्या रेघा म्हणजे धावणाऱ्या गाड्या. तसलाच कागद ह्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला. स्टेशनं तीनच : मुंबई, दिल्ली, लेह. तिरकी रेघ म्हणजे आम्ही. मुंबई ते दिल्ली रेघ झोकात गेली. दिल्लीच्या पुढे पेन्सिल अडकली.

अडचण अशी, की लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर, सिंधूच्या दरीत, चहूबाजूंनी डोंगर. एका बाजूला जमीन चढत जाते, म्हणून विमानं बहुतेक ज्या अंगाने येतात त्याच अंगाने परत उडतात. दुपारी दरीत वारा सुटतो. हवा मुळात विरळ, ती तापून आणखी विरळ झाली की भरलेलं विमान उचलणं इंजिनाला जड जातं. म्हणून इथली ये-जा मुख्यतः सकाळची. डोंगर डोळ्यांना नीट दिसल्याशिवाय वैमानिक दरीत शिरत नाही. आणि जानेवारीच्या सकाळी दिल्लीत काय असतं? धुकं. ते उठायला दहा-अकरा वाजतात, तोवर लेहला वारा सुटायची वेळ जवळ आलेली. म्हणजे दिल्लीचं धुकं आणि लेहचे ढग ह्या दोघांनी एकाच सकाळी रजा घेतली तरच आपण पोचणार. "ह्याला सिग्नलच नाही," हे म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली.

लेहला ज्यांच्या घरी उतरणार होतो त्यांना फोन लावला. तारीख, वेळ, उशीर झाला तर काय, रद्द झालं तर काय, ह्यांनी सगळं विचारलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, जिस दिन आओगे, उस दिन आ जाओगे." रेल्वेत असं उत्तर देणाऱ्याला ह्यांनी चार्जशीट दिली असती.

मुंबईत थंडीची तयारी करणं हाच एक विनोद आहे. इथे पारा सतरा-अठरावर आला की सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या अंगावर शाली येतात. लेहला जानेवारीच्या रात्री तो शून्याखाली पंधराच्या आसपास असतो, कधी आणखी खाली. मधल्या तीस-पस्तीस अंशांचा अनुभव इथे कुणाच्याच अंगाला नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाकडे सल्ला आहे. कोणी सांगितलं बदाम खा, कोणी सांगितलं ब्रँडी न्या. माळ्यावरची ट्रंक काढली, डांबरगोळ्यांच्या वासाने घर भरलं. दादरला कानटोपी घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "माथेरानला का, ताई?" लेह म्हटल्यावर त्याने काही न बोलता दुसरी टोपी पुढे ठेवली. डॉक्टर मात्र मुद्द्याचं बोलले. थंडीला कपडे आहेत, विरळ हवेला नाहीत. गोळ्या लिहून देतो, पण पहिले दोन दिवस अंथरुणात काढायचे, कितीही बरं वाटत असलं तरी.

दिल्लीत धुक्याने आपलं काम चोख केलं. पहाटे विमानतळावर पोचलो तेव्हा काचेपलीकडे विमान आहे की नाही तेही कळत नव्हतं. फलकावर आमच्या विमानाची वेळ पुढे पुढे सरकत राहिली, आणि मग वेळेच्या जागी ‘रद्द’ आलं. काउंटरवर लगेच झुंबड. आवाज चढवला की धुकं उठतं असा दिल्लीकरांचा समज असावा. मुंबईकरांचाही आहे, पण आपण आपला आवाज लोकलच्या दारात वापरून संपवलेला असतो.

त्या झुंबडीत लडाखी माणसं तेवढी नव्हती. एक म्हातारी, अंगात मरून रंगाचा पायघोळ लोकरी गोंचा, हातात जपमाळ, खुर्चीवरून उठलीच नाही. चंदीगडला शिकणारी दोन भावंडं सुट्टीला घरी निघाली होती. त्यांच्या पायाशी पुठ्ठ्याचं एक खोकं होतं आणि त्यातून चक्क कोथिंबिरीचा वास येत होता. आत टोमॅटो, फ्लॉवर, हिरव्या मिरच्या, आणि सगळ्यांच्या वर कोथिंबीर. थंडीत घरी जाणारा लडाखी दिल्लीहून ताजी भाजी घेऊन जातो, हे मला तिथे कळलं. विमान रद्द झाल्यावर मुलीने खोकं उघडलं, कोथिंबिरीभोवतीचा ओला कागद बोटांनी चाचपला, भावाच्या बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडलं आणि खोकं पुन्हा सुतळीने बांधलं. "कल," ती मला म्हणाली. बस्स. तक्रार नाही, सुस्कारा नाही.

आम्ही मयूर विहारला मावसबहिणीकडे परतलो. दिल्लीची थंडी लेहच्या मानाने काहीच नाही, पण घरात ती बाहेरच्यापेक्षा जास्त बोचते. थंडगार फरशा, उंच छत, आणि ऊब म्हणजे घरातल्या माणसांमागे खोल्याखोल्यांतून फिरणारा एकुलता एक हीटर. दुपारी ऊन पडलं की अख्खी कॉलनी खुर्च्या घेऊन बाहेर येते, शेंगा सोलते, गजक खाते. आपल्याकडे उन्हात उभ्या असलेल्या पाहुण्याला ‘सावलीत या’ म्हणतात, तिथे ‘धूप में आ जाइए’ हा आदरसत्कार.

फुकट मिळालेल्या त्या दिवसात आम्ही चांदनी चौकात किनारी बाजारच्या बाजूला ‘दौलत की चाट’ खाल्ली. नाव चाट, पण ही चाट नव्हेच. दूध रात्रभर थंडीत ठेवून घुसळायचं, वर येणारा फेस हलक्या हाताने काढून परातीत रचायचा, त्यावर केशर, खवा आणि बुरा साखर. फक्त थंडीत मिळते. ऊन तापलं की फेस खाली बसतो, म्हणून विकणारे लवकर आटोपतात. चमचा तोंडात घातला की काही खाल्लं की नाही अशी शंका येते, मग मागाहून दुधाची गोडी येते. हे म्हणाले, "हवा विकतोय हा." दुसरा द्रोण मात्र त्यांनीच मागितला.

दुसऱ्या दिवशी धुकं होतंच, पण विमान सुटलं. कोथिंबीर डोक्यावरच्या कप्प्यात. मैदानावरचा मळकट थर खाली राहिला आणि बघता बघता खिडकीत हिमालय उभा राहिला. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याचा घाट चढला की सह्याद्री झाला. हिमालय होत नाही. एका रांगेमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, आणि पुढे पुढे तर झाडंही संपली, नुसतं बर्फ आणि करड्या कडा. डावीकडे दूर नून आणि कून ही जोडशिखरं दिसली, दोन्ही सात हजार मीटरच्या वरची. आम्ही माना वाकड्या करून फोटो काढत होतो. लडाखी मंडळी घोरत होती.

मग ह्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी मुंबईतच वाचून ठेवली होती. विमानात एरवी सहा-आठ हजार फुटांवर असावी तेवढी हवा राखलेली असते, आणि विमान उतरायला लागलं की ती दाट करत आणतात. लेहला उलटं. तळच साडेदहा हजार फुटांच्या वर, म्हणून विमान खाली येत असताना आतली हवा विरळ करत न्यावी लागते. म्हणजे विमान उतरत होतं आणि आमची फुप्फुसं चढत होती. सिंधूच्या दरीत विमान वळलं, पंखाच्या जवळपास बरोबरीने एका टेकडीवरचा पांढऱ्या भिंतींचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, मागे सरकला, आणि लगेच चाकं टेकली.

दार उघडलं. ऊन इतकं लख्ख की डोळे उघडवेनात, आणि पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ झाले. जिना उतरताना कोणी घाई करत नव्हतं, घाई करता येतच नव्हती. ह्याच दरीत २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी पहिलं विमान उतरवलं, शेजारी मेजर जनरल थिमय्या. डकोटा विमान, आत हवेचा दाब राखायची सोय नाही, आणि धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांना हाताशी धरून तयार केलेली. विमानतळाला नाव आहे कुशोक बकुला रिंपोचे यांचं. येताना दिसलेल्या त्या स्पितुक गोंपाचे ते मुख्य लामा, काश्मीरच्या राजकारणातले, नंतर खासदार, आणि पुढे दहा वर्षं मंगोलियात भारताचे राजदूत. एका माणसाच्या वाट्याला एवढं येतं तेव्हा विमानतळाला त्याचं नाव देणं कमीच.

घरमालक घ्यायला आले होते. त्यांनी दोन्ही बॅगा उचलल्या, मला पर्ससुद्धा उचलू दिली नाही आणि म्हणाले, "आज सिर्फ आराम." दुसऱ्या दिवशीही तेच. ह्यांच्या आलेखात हे दोन दिवस कोरे होते, पण कागदावर कोरा दिवस काढणं वेगळं आणि तो काढणं वेगळं. डोकं जड, जेवण नकोसं, रात्री झोपेत मध्येच दचकून मोठा श्वास घ्यावा लागायचा. हवेतल्या ऑक्सिजनचा वाटा इथेही तेवढाच, पण हवाच समुद्रकाठच्या दोनतृतीयांश. मुंबईहून आलेलं शरीर पहिले दोन दिवस विमानातून उतरतच असतं.

आराम म्हणजे खोलीत एकटं पडणं नव्हे, तर स्वयंपाकघरात पडणं. थंडीत लडाखी घर त्या एका खोलीत आवरून येतं. मधोमध बुखारी, तिच्यात वाळवलेलं शेण आणि विलोच्या काटक्या. भिंतीला लागून गालिचे, पुढे नक्षीची बुटकी टेबलं, आणि समोरच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी अशी घासूनपुसून मांडलेली, की माझी आजी असती तर नजर लावून बसली असती. बसायलाही क्रम आहे. आचेजवळची जागा थोरांची. तिथे घरमालकांच्या आई, सगळ्यांच्या आबी-ले, बसायच्या. आम्हाला त्यांच्या शेजारी बसवलं. मी मागे सरकले की घरच्या बाई, आमा-ले, मला दंडाला धरून पुन्हा पुढे आणायच्या.

चहा आला. लोणी आणि मीठ घातलेला, गुरगुर चहा. चहा म्हणून प्यालात तर घशाखाली उतरत नाही, सूप म्हणून प्यालात तर छान आहे. खरी परीक्षा पुढे. एक घोट घेतला की लगेच पेला पुन्हा काठोकाठ. "डोन-ले, डोन-ले." पंगतीतला आग्रह मला नवा नाही. कोकणात यजमान वाढतो, पाहुणा हात आडवा धरतो, आणि ताटात टाकणं हा अपमान. इथे पेला रिकामा करणं म्हणजे आणखी मागणं. नको असेल तर भरलेला पेला तसाच समोर ठेवायचा आणि निघताना प्यायचा. पानात काही टाकू नये हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांची इथे पंचाईत होते. हे लहानपणापासून ताट चाटूनपुसून उठणारे, त्यांनी त्या पहिल्या दुपारी किती पेले रिचवले कोण जाणे.

संध्याकाळी आमा-लेंनी स्क्यू केलं. कणकेच्या लहान गोळ्या, प्रत्येक गोळीला अंगठ्याने दाबून खळगा पाडायचा. सलगम, गाजर, बटाटा, थोडं मटण, आणि त्या रश्श्यात हे कणकेचे वाटीएवढे नव्हे, नखाएवढे द्रोण शिजायचे. आपल्या चकोल्यांची चुलत बहीण. मी अंगठा लावायला बसले. आमा-ले एका हाताने करत होत्या, दुसऱ्या हाताने बुखारीत शेणकूट सारत होत्या, आणि त्यांचे द्रोण सगळे एका मापाचे. माझे बघून आबी-लेंनी काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. भाषांतर कोणी केलं नाही, मीही मागितलं नाही.

गाजर कुठून आलं ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. अंगणात जमिनीत खड्डा, वर फळ्या, माती, जुनं घोंगडं. आत बटाटे, गाजर, सलगम, मुळे, मातीत निजवलेले. जमिनीच्या पोटात भाजी गोठत नाही. माडीवरच्या खोलीत सुकवलेल्या पालेभाज्या, टोमॅटोच्या चकत्या, जर्दाळू, दगडासारखं कडक छुरपे, म्हणजे सुकवलेलं चीज. गच्चीवर गुरांचं वाळलं गवत आणि जळण कठड्यावर रचलेलं, त्याने घराला ऊबही राहते. वर्षभरात लेहला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ, म्हणजे मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवसात पडतो तेवढा. जे पिकतं ते उन्हाळ्यातच, आणि थंडीत रस्ते बर्फाने बंद. झोजिला खिंड अलीकडे पूर्वीपेक्षा कमी दिवस बंद असते, पण भरवसा धरावा अशी नाही.

हे सगळं मला पाठ होतं. माझं माहेर राजापूरकडचं. मेअखेर आईची लगबग अशीच असायची : आमसुलं, फणसाची साठं, पापड-फेण्या, सुकट-बोंबील डब्यांत, लाकूडफाटा पडवीत, पडवीला झापं. मग चार महिने पाऊस आणि आपण. बेगमी केलेल्या घरात पाऊस मजेचा असतो. लेहमध्ये पावसाच्या जागी थंडी, एवढंच. आम्ही मुंबईत महिनाभर बसून जायचा बेत केला होता, ही माणसं सहा महिने खपून राहायचा करतात. पाण्याचीसुद्धा बेगमी होते इथे. वरच्या ओढ्याचं पाणी नळाने खाली आणून कडाक्याच्या रात्री कारंज्याने उडवायचं, ते गोठून बर्फाचा स्तूप होतो आणि एप्रिल-मेमध्ये, पेरणीच्या तहानेच्या दिवसांत, वितळून शेतात जातं. सोनम वांगचुक यांनी दहाएक वर्षांपूर्वी ही युक्ती केली. त्याही आधी छेवांग नोर्फेल यांनी बांध घालून हिवाळ्यातलं पाणी डोंगरउतारावर गोठवलं होतं.

खड्ड्यात उतरून आमा-ले म्हणाल्या, पूर्वी मी ह्यात उभी राहिले की डोकं दिसायचं नाही. आता खड्डा त्यांच्या कमरेएवढा. विमानाने भाजी येते, महाग असते, पण येते. मुलांना सलगम नको असतं, फ्लॉवर हवा असतो. ह्यात वाईट काही नाही, राजापूरलाही आता भर पावसात सगळं मिळतं आणि आमची वहिनी सुकट घरात आणू देत नाही. पण चार दिवस विमान आलं नाही की लेहच्या बाजारात टोमॅटोबरोबर लोकांचे चेहरेही उतरतात, हे मात्र मी पाहिलं. खड्डा खोल असलेल्या पिढीला तसं होत नव्हतं.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण मुंबईची माणसं तिथेच हाय खातात. थंडीत नळ बंद, पाइप गोठून फुटतात. पाणी बादलीने, आणि गरम पाणी एक बादली दोघांत. संडास कोरडा : वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. वास येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर ते खत शेतात जातं. चाळीत पहाटे पाण्याला उठून वाढलेल्यांना हे जड जात नाही. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी मनाची तयारी करून जावं.

तिसऱ्या दिवसापासून पाय मोकळे केले. थंडीतला लेहचा बाजार म्हणजे उन्हाची एकच बाजू. दुकानं अर्धी बंद, गालिचेवाले आपापल्या गावी, आणि उघड्या रस्त्यावर सगळी माणसं उन्हाच्या कडेला ओळीने. सावली सरकली की ओळही सरकते. ओळख असो-नसो, "जुले." परतून तुम्हीही "जुले." मुंबईत अनोळखी माणसाला नमस्कार केला तर तो पाकीट चाचपतो. जामा मशिदीमागच्या गल्लीत काश्मिरी नानवाई भल्या सकाळी तंदूर पेटवतात. तिथे रोटीसाठी उभं राहायला लोक मुद्दाम रेंगाळतात, कारण गावात फुकटची ऊब तिथेच. करझूच्या गोठलेल्या तळ्यावर मुली आइस हॉकी खेळत होत्या, नऊ-दहा वर्षांच्या, गाल टोमॅटोसारखे लाल. आम्हाला बर्फावर चालता येईना, त्या उलट्या धावत होत्या.

आमच्या तिथल्या मुक्कामात स्पितुकचा गुस्तोर उत्सव आला. गोंपाच्या चौकात लामांचा मुखवट्यांचा नाच, लांबलचक कर्ण्यांचा घुमणारा आवाज, झांजा, आणि सांगाड्याचे मुखवटे घातलेली पोरं प्रेक्षकांची खोडी काढत फिरतायत. गच्च्यांवर, कठड्यांवर माणसंच माणसं, पण धक्काबुक्की नाही. म्हाताऱ्यांना उन्हातली जागा आपोआप मिळते. वरच्या देवळातल्या रक्षक देवतेचा चेहरा वर्षभर झाकलेला असतो, ह्या उत्सवातच उघडतात. छावणीतले जवान तिला कालीमाता म्हणतात आणि रांग लावतात. त्या रांगेतून मागून आवाज आला, "काकू, तुम्ही मराठी का?" साताऱ्याचा पोरगा. त्याची ही दुसरी थंडी. "पहिल्या थंडीत आई फोनवर रोज विचारायची, जेवलास का," तो म्हणाला. "आता विचारती, पाणी गोठलं का." घरून आलेले कंदी पेढे संपले होते ह्याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

नाच ऐन रंगात आला होता आणि टेकडीखालून घरघर आली. विमान. गोंपाच्या पायथ्याशीच धावपट्टी. चौकातल्या सगळ्या लडाखी माना एकदम तिकडे वळल्या. मुखवटे नाचत राहिले. शेजारची बाई म्हणाली, "आ गया," आणि तिने जपमाळ कपाळाला लावली. तिची सून बाळंतपणासाठी दिल्लीला गेली होती, ती त्यात होती. बाई फाटकाकडे चालायला लागली, धीमेपणाने, कारण सामान यायलाही वेळ लागतोच.

परतीच्या दिवशी ढग. सकाळी आबी-लेंनी खिडकीतून स्तोकच्या डोंगररांगेकडे पाहिलं आणि मान हलवली. विमानतळावरून निरोप यायला त्यानंतर दोन तास लागले. ह्यांचा आलेखाचा कागद एव्हाना भरून गेला होता. मुंबईत काढलेल्या रेघेच्या बाजूला ते रोज सकाळी विमानाची घरघर ऐकून खूण करत होते, आलं, नाही आलं, उशिरा आलं. कंट्रोलमध्ये ठरलेली गाडी एका रंगात आणि प्रत्यक्ष धावलेली दुसऱ्या रंगात काढतात, तसं. "आबी-लेंचा अंदाज हवामान खात्यात घ्यायला हवा," ते म्हणाले, आणि उन्हाच्या ओळीत उभं राहायला बाजारात गेले. त्यांचं तिकडे बरं जमलं होतं. त्यांचं हिंदी आणि तिथल्या म्हाताऱ्यांचं हिंदी सारखंच कच्चं.

ढग उठल्यावर निघालो. दिल्ली, मग मुंबई. विमानतळाबाहेर आलो तर अंगाला घाम, हातांवर कोट, आणि टॅक्सीवाला म्हणतो, "साहेब, यंदा थंडी आहे हां मुंबईत." आम्ही दोघंही त्याला काही बोललो नाही.

तेव्हा लेहला जायचं असेल तर जानेवारीत जा. उन्हाळ्यात तिथे तुम्हाला तुमच्यासारखेच लोक भेटतील, थंडीत लडाखी भेटतात. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते नाही म्हणाले तर ऐका. दिल्लीत एक दिवस मोकळा ठेवा, लेहला पोचल्यावर दोन दिवस काहीही बघू नका, आणि परतीच्या बाजूलाही दोन दिवस सैल सोडा. ज्यांच्या घरी उतरणार त्यांना काय आणू म्हणून विचारा. ते काही नको म्हणतील, तरी कोथिंबीर न्या, ओल्या कागदात गुंडाळून. आणि परतल्यावर लगेच कुणाच्या लग्नाला यायचं कबूल केलं असेल, तर आहेर निघण्याआधीच पोचता करा.